मिरचीची मूळकूज आणि निकामी ठरलेला ट्रायकोडर्मा: दोन एकरांतले दोन हंगाम

पार्श्वभूमी

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या बाजूला मिरचीची एक ठरलेली रीत आहे. मे महिन्यात ठिबक आणि मल्चिंगवर लागवड करायची, पावसाळाभर तोडे घ्यायचे आणि माल पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात न्यायचा. लागवड जितकी लवकर तितका पहिल्या तोड्याला भाव बरा, म्हणून उन्हाची पर्वा न करता रोपे लावली जातात.

हे प्रकरण याच पट्ट्यातल्या दोन भावांच्या दोन एकरांचे आहे. जमीन मध्यम ते भारी काळी, सामू (pH) आठच्या आसपास. उताराच्या खालच्या अंगाला जवळपास अर्धा एकर असा, की जोराचा पाऊस झाला की तीन-तीन दिवस वापसा येत नाही. आदल्या वर्षी तिथेच वांगी होती. पाच फुटांवर बेड आणि सव्वा फुटावर झाड, म्हणजे एकरी साधारण 7,000 झाडे. बेडची उंची मात्र वीतभरही नव्हती.

मूळकूज या शेताला नवी नव्हती, म्हणून ट्रायकोडर्मा, म्हणजे रोग आणणाऱ्या बुरश्यांना आवरणारी उपयोगी बुरशी, वापरायचा हे दोघांनी आधीच ठरवले होते. मार्चमध्ये पावडर आणली, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली आणि लागवडीनंतर आठवड्याभराने भर दुपारी ठिबकातून सोडली. पुढच्याच आठवड्यात, रोपे नाजूक आहेत म्हणून, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे त्याचे पाणी झाडांच्या बुंध्याशी ओतले. वर्षभर मनात राहिलेला "ट्रायकोडर्मा टाकूनही मर आलीच" या निष्कर्षाचे कारण वरच्या वाक्यांत दडलेले आहे.

अडचण

जुलैच्या मध्यात सलग पाऊस झाला. उघडीप मिळताच खालच्या अर्ध्या एकरात झाडांनी माना टाकल्या. सकाळी ताजे दिसणारे झाड दुपारी कोमेजायचे, तिसऱ्या दिवशी पाने लटकलेल्या अवस्थेतच वाळायची. आठ दिवसांत त्या भागातली साधारण एक तृतीयांश झाडे गेली. वरच्या कोरड्या भागातही इथे एक, तिथे एक अशी झाडे वाळत होती, पण त्यांचा वेग आणि रूप वेगळे होते. हा फरक सुरुवातीला कोणाच्या लक्षात आला नाही.

दुकानातून सल्ला आला तो कार्बेन्डाझिम आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड एकत्र आळवण्याचा. धाकट्याचे म्हणणे होते, "दादा, आता ट्रायकोडर्माच दुप्पट सोडू, औषधाने जमीन मरते." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, पण रोग कोणता हे न ठरवता दोन्ही उपाय चुकीचेच ठरले असते.

आधी रोग ओळखणे

तपासणीसाठी पूर्ण वाळलेले झाड कधीच घेऊ नये. त्याच्या मुळावर कुजके खाणाऱ्या इतर बुरश्या आधीच येऊन बसलेल्या असतात आणि मूळ आरोपी सापडत नाही. इथे मर पसरण्याच्या कडेवरची, नुकतीच मान टाकलेली झाडे फावड्याने मातीसकट काढली आणि मुळे बादलीत हलवून धुतली.

खालच्या भागातल्या झाडांचा बुंधा जमिनीलगत काळपट तपकिरी, पाणी धरल्यासारखा. बोटाने चोळली की साल निघून येत होती. तंतुमुळे जवळपास नाहीशी झालेली, जी उरली होती त्यांचे वरचे आवरण ओढले की सुटायचे आणि आत दोऱ्यासारखा मधला भाग राहायचा. पाणी साचलेल्या भागात, मिरचीवर, वांग्यानंतर आणि पावसाच्या लगोलग ही लक्षणे दिसली की पहिला संशय फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगकारकावर जातो. प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यानेही पुढे तेच सांगितले.

वरच्या भागातल्या झाडांच्या बुंध्याला मात्र पांढरी कापसासारखी वाढ होती आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. ही स्क्लेरोशियम रॉल्फसाय नावाची बुरशी, म्हणजे वेगळाच रोग.

आणखी दोन गोष्टी तिथल्या तिथे तपासल्या. खोडाचा ताजा तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरला. पाच-दहा मिनिटांत दुधाळ धार खाली उतरली असती तर जिवाणूजन्य मर समजली असती, आणि तिथे बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मावर भिस्त ठेवण्यात अर्थ नसतो. धार आली नाही. मुळांवर गाठीही नव्हत्या, म्हणजे सूत्रकृमींचा प्रश्न इथे मुख्य नव्हता.

या निदानाने आदल्या आळवणीचा हिशेब लागला. फायटोप्थोरा आणि त्याच्यासारखाच मुळे कुजवणारा पिथियम दिसायला बुरशीसारखे असले तरी त्यांचे कुळ वेगळे आहे आणि कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. ट्रायकोडर्मा मात्र कार्बेन्डाझिमच्या अगदी थोड्या मात्रेनेही मरतो. म्हणजे मे महिन्यातल्या त्या आळवणीने शत्रूला धक्का लावला नाही आणि मित्राला संपवले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दुकानदाराचा. त्यातला कार्बेन्डाझिमचा भाग निदानानंतर बाद झाला.

दुसरा, ट्रायकोडर्माची दुप्पट मात्रा. इथे या बुरशीची कामाची पद्धत समजून घ्यावी लागते. 1932 साली वाईंडलिंग या संशोधकाने ट्रायकोडर्माचे तंतू मातीतल्या इतर बुरश्यांच्या तंतूंना वेढून त्यांच्यावर जगतात हे दाखवले, आणि तेव्हापासून जैविक नियंत्रणात तिचे नाव आहे. पण शेतात तिचा मोठा उपयोग होतो तो जागा आधी धरण्यात. मुळाभोवतीची जागा आणि अन्न तिने आधी घेतले तर रोगकारकाला पाय ठेवायला जागा उरत नाही. कुजलेले मूळ ती परत आणू शकत नाही. शिवाय तिला हवा लागते, आणि खालच्या अर्ध्या एकरात त्या घटकेला मातीच्या फटींत हवेऐवजी पाणी होते. त्या स्थितीत चौपट मात्रा दिली असती तरी ती वाया गेली असती.

तिसरा, खालचा भाग मोडून टाकणे. दोन तृतीयांश झाडे उभी होती आणि पहिला तोडा पंधरा दिवसांवर आला होता. भावांना हे पटले नाही, आणि त्यात चूक काही नव्हती.

चौथा, शेताचे दोन भाग मानून दोन वेगळे उपचार करायचे. हाच निवडला.

पहिल्या हंगामातले उपाय

सगळ्यात आधी फावडे हातात घेतले. खालच्या बाजूला बेडच्या टोकांना आडवा, दीड फूट खोल चर काढून पाणी बांधाबाहेर काढले आणि त्या भागाचे ठिबक बंद केले. जमिनीत ओल असतानाही सवयीने रोज अर्धा तास पाणी चालू होते. वाळलेली झाडे मुळासकट उपटून शेताबाहेर जाळली. ती बांधावर टाकायची सवय या भागात सर्रास दिसते आणि पुढच्या पावसात रोग तिथूनच परत शेतात उतरतो.

खालच्या भागात, मर लागलेल्या जागेच्या पुढच्या तीन-चार निरोगी झाडांपर्यंत, मेटालॅक्झिल व मॅन्कोझेब या संयुक्त बुरशीनाशकाची आळवणी केली. असे औषध घेताना लेबलवर आपल्या पिकाची नोंद, मात्रा आणि तोडणीआधी सोडायचे दिवस पाहूनच घ्यावे. मिरची हिरवी विकली जाते, तोडे दर आठवड्याला होतात, त्यामुळे हे दिवस पाळणे अवघड असते आणि म्हणूनच पहिल्या तोड्याआधीची वेळ साधली. मेटालॅक्झिल निवडण्याचे आणखी एक कारण होते. ट्रायकोडर्मा ते बऱ्यापैकी सहन करतो. मॅन्कोझेबचा मात्र त्रास होतो, म्हणून त्या भागात ट्रायकोडर्मा देण्याआधी पंधरा दिवस जाऊ दिले.

वरच्या भागात स्क्लेरोशियमची झाडे काढताना बुंध्याभोवतीची वीतभर माती दाण्यांसकट खोऱ्याने उचलून पिशवीत भरली. हे दाणे मातीत वर्षानुवर्षे टिकतात, ते सांडत नेले तर रोग आपणच पेरतो. उरलेल्या झाडांना नव्या पाकिटातला ट्रायकोडर्मा लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणात, झाडाला 100 मिली असा संध्याकाळी आळवला.

मर थांबायला तीन आठवडे लागले. खालच्या भागातली निम्मी झाडे वाचली, वरच्या भागात तुरळक नुकसान झाले. हंगाम तरला, पण यात ट्रायकोडर्माचा वाटा किती हे सांगता येत नाही, कारण चर, पाणी बंद करणे आणि आळवणी एकाच आठवड्यात झाली होती. खरी परीक्षा पुढच्या वर्षी होती.

दुसऱ्या हंगामाची तयारी

पावडर जिवंत आहे का, इथून सुरुवात झाली. या वेळी ती एप्रिलच्या अखेरीस आणली. पाकिटावर उत्पादनाची तारीख, केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि ग्रॅममागे किमान 20 लाख जिवंत बीजाणू असा उल्लेख पाहिला. पाकीट घरात माठाशेजारी ठेवले. मागल्या वर्षीची पत्र्याखालची उरलेली पावडरही चाचणीला घेतली.

चाचणी घरगुतीच. अर्धवट शिजवलेला, पाणी निथळलेला तांदूळ तीन काचेच्या बरण्यांत अर्ध्यापर्यंत भरला, बरण्या कुकरमध्ये वाफवल्या आणि पूर्ण गार झाल्यावर एकीत नवी, दुसरीत जुनी पावडर चिमूटभर टाकली. तिसरी तशीच ठेवली. तोंडाला स्वच्छ कापूस लावून बरण्या सावलीत राहिल्या. नव्या पावडरीच्या बरणीत तिसऱ्या दिवशी पांढरी जाळी आणि पाचव्या दिवशी गर्द हिरवे ठिपके आले. कापूस काढताच खोबऱ्यासारखा मंद वास आला. काही ट्रायकोडर्मांची ही खूणच असते. जुन्या पावडरीच्या बरणीत काहीच उगवले नाही. तिसरी बरणी महत्त्वाची आहे, कारण हिरवी बुरशी पेनिसिलियमची किंवा ॲस्परजिलसचीही असते. कोरी बरणीही हिरवी झाली तर चाचणी पुन्हा करावी लागते. या चाचणीतून बीजाणूंची संख्या कळत नाही, पावडर जिवंत आहे की मेलेली एवढेच कळते. पण भावांच्या मनातला वर्षभराचा किंतु त्या जुन्या बरणीने मिटवला.

रोपांपासून संरक्षण. संकरित मिरचीचे बी बहुतेक वेळा थायरमसारखे रंगीत बुरशीनाशक लावूनच येते. त्यावर ट्रायकोडर्मा चोळला तर तो तिथेच दुबळा पडतो. म्हणून बियाण्याऐवजी कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), किलोला 10 ग्रॅम या प्रमाणात मिसळायचे ठरले. 14,000 रोपांना सुमारे दीडशे ट्रे, ट्रेला सव्वा किलोच्या आसपास कोकोपीट, म्हणजे पावडर दोन किलोच्या आत. रोपवाटिका बाहेरची होती, त्यामुळे कार्बेन्डाझिम किंवा थायोफेनेट मिथाइलची आळवणी करायची नाही हे आधी बोलून घेतले. दुसऱ्याचे झाडात गेल्यावर कार्बेन्डाझिमच होते, नाव वेगळे म्हणून चालत नाही.

शेणखतात वाढवणे. सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे काम हेच. पावडर थेट मातीत टाकली तर बीजाणूंना खायला काही मिळत नाही, विशेषतः सेंद्रिय कर्ब कमी आणि सामू जास्त असलेल्या जमिनीत. ही बुरशी किंचित आम्लधर्मी मातीत जास्त खुलते, आठ सामूच्या काळ्या जमिनीत तिला शिदोरी देऊनच पाठवावे लागते.

दोन एकरांसाठी 500 किलो पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत, 50 किलो निंबोळी पेंड आणि 5 किलो ट्रायकोडर्मा घेतला. दोन किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडला. लिंबाच्या सावलीत थर देऊन कालवले आणि ओल मुठीने पाहिली. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. ढिगाची उंची फूट-सव्वा फूट, वर ओले बारदान, दर चौथ्या दिवशी खालीवर करणे, पंधरा दिवस.

इथे एक घोळ झाला. जागा कमी पडली म्हणून एका बाजूला ढीग तीन फूट उंच केला आणि पाऊस येईल या भीतीने त्यावर प्लास्टिकचा कागद टाकला. सहाव्या दिवशी हात आत घातला तर चटका बसत होता आणि आंबूस घाण वास येत होता. उंच ढिगात उष्णता कोंडते, प्लास्टिकखाली हवा नसते. ट्रायकोडर्माला 25 ते 30 अंश मानवतात, चाळिशीच्या पुढे तिची वाढ थांबते. तो भाग बाजूला काढला. उरलेल्या ढिगावर दहाव्या दिवसापर्यंत पांढरी-हिरवी जाळी चढली. शेणखत कच्चे असते तर सगळाच ढीग असा तापला असता, वर हुमणीही शेतात गेली असती.

बेड आणि लागवड. बेड या वेळी फूटभर उंच, खालच्या बाजूला चर आधीच खोदलेला. तयार खतातले निम्मे मल्चिंगआधी लॅटरलच्या (ठिबकाच्या नळीच्या) रेषेत चार इंच खोल मिसळले, निम्मे लागवडीच्या छिद्रात थोडे थोडे टाकले. लागवडीची तारीख हा भावांसाठी सर्वांत अवघड निर्णय होता. मेच्या मध्यात मल्चिंगखालची वरची माती चांगलीच तापते. जूनपर्यंत थांबले तर पहिल्या तोड्याचा भाव जातो. शेवटी मेचा शेवटचा आठवडा धरला, बेड आदल्या दिवशी भिजवून घेतले आणि रोपे उन्हे कलल्यावर लावली. लावताना रोपांची मुळे लिटरला 10 ग्रॅम ट्रायकोडर्माच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवली.

आळवणी. लागवडीनंतर तीन आठवड्यांनी, पाऊस स्थिरावल्यावर, लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणात झाडाला 100 मिली दिले. एकरी 700 लिटर पाणी आणि साडेतीन किलो पावडर. ठिबकातून मुद्दाम सोडले नाही. पावडरीचा आधार संगजिरे असतो, तो पाण्यात विरघळत नाही आणि ड्रिपर तुंबवतो. मागल्या वर्षी काही लॅटरल याच कारणाने बंद पडले होते आणि त्या रांगांना पाणी कमी मिळाले, ही गोष्ट चौकशीत नंतर निघाली. पंपाचे नोझल काढून आळवले. पंप आधी साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला, कारण तणनाशक आणि बुरशीनाशक त्याच पंपाने फवारले जात होते.

हंगामभर एक नियम पाळला. ठिबकातून आणि आळवणीतून कार्बेन्डाझिम, हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही बुरशीनाशके द्यायची नाहीत. फळकूज आणि भुरीसाठी पानांवर फवारणी लागलीच, पण मल्चिंगमुळे त्यातले फार थोडे मुळापर्यंत पोहोचते. लॅटरल धुण्यासाठीचे क्लोरीन लागवडीआधीच वापरून संपवले.

निकाल

वरच्या आणि खालच्या भागात दोन-दोन बेड मुद्दाम ट्रायकोडर्माशिवाय ठेवले होते. शेणखत आणि पेंड त्यांनाही तेवढीच, उंची तीच, पाणी तेच. थोरल्यांचा याला विरोध होता, झाडे हातची घालवायची कशाला म्हणून. पण या चार बेडांमुळेच पुढचे काही बोलता येते.

वरच्या भागात ट्रायकोडर्माच्या बेडवर शंभरात दोन-तीन झाडे गेली, शेजारच्या नुसत्या बेडवर आठ-नऊ. उपटून पाहिलेल्या झाडांत तंतुमुळांचा फरक डोळ्यांना दिसत होता, ट्रायकोडर्माच्या बेडवर मुळे पांढरी आणि दाट होती. खालच्या भागात ऑगस्टअखेरपर्यंत असाच फरक राहिला. सप्टेंबरात चार दिवस झड लागली, चर गाळाने भरला आणि शेवटच्या तीन बेडांवर पाणी उभे राहिले. तिथे दोन्ही प्रकारच्या बेडांवर झाडे सारखीच गेली. फायटोप्थोराचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत जातात आणि त्याच पाण्यात ट्रायकोडर्मा गुदमरतो. एका शेतातले, एका वर्षाचे, चार बेडांचे हे निरीक्षण आहे. त्याला तेवढेच वजन द्यावे. एकूण नुकसान मागल्या वर्षापेक्षा खूप कमी झाले, त्यात उंच बेड आणि चराचा वाटा मोठा आहे.

वेगळे काय करता आले असते

खालच्या अर्ध्या एकरात मिरची लावायलाच नको होती. फायटोप्थोराचे टिकाऊ बीजाणू मातीत वर्षे काढतात आणि मिरची, वांगी, टोमॅटो, ढोबळी, भोपळावर्गीय पिके ही सगळी त्याची खाद्ये आहेत. वांग्यावर मिरची म्हणजे पीक बदलले, पण रोगाचे ताट तेच राहिले. तिथे दोन-तीन वर्षे मका किंवा ज्वारी घेणे हा ट्रायकोडर्मापेक्षा स्वस्त उपाय होता. भावांपुढे तो दुसऱ्या वर्षीच ठेवला होता, पण मिरचीच्या भावाने कल फिरला. सल्ला देणाऱ्यांनी तिथे अधिक ठाम राहायला हवे होते.

दुसरी आळवणी ऑगस्टच्या उघडिपीत, वापसा असताना व्हायला हवी होती. मजूर तोड्यात गुंतले आणि ती राहिली. चराचा गाळही त्याच सुमारास काढायचा होता, एका माणसाचे दीड दिवसाचे काम होते ते.

रोगाचे निदान पहिल्या वर्षी जूनमध्येच, पहिली पाच झाडे गेली तेव्हा झाले असते तर मधले पाच आठवडे हातात आले असते. त्या काळात रोज पाणी चालू होते आणि रोग खालून वर सरकत होता.

तिसऱ्या हंगामासाठी खालच्या अर्ध्या एकरात मका ठरला आहे. वरच्या दीड एकरासाठी शेणखताचा ढीग या वेळी दोन ठिकाणी, सव्वा फुटांपेक्षा उंच न करता लावायचा आहे. पावडरीच्या चाचणीच्या तीन बरण्यांची जबाबदारी धाकट्याने घेतली आहे.